कसोटीवाचूनचे सोने

कापसाच्या पऱ्हाट्या निघाल्या की आमच्या फुलसावंगीतही मुले रबरी चेंडू घेऊन मोकळ्या रानात उतरतात, आणि ‘ह्या खेळात आमचा बाळ नाव काढील काय?’ असे वडीलमंडळी आम्हास विचारतात. त्यांस आम्ही पद्माकर शिवलकर ह्यांची हकीकत सांगत असतो.

शिवलकरांचा जन्म १४ एप्रिल १९४० चा. टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या ह्या तरुणाचा गुण विनू मांकडांनी हेरला. डाव्या हाताची संथ फिरकी ही त्यांची विद्या. ती दिसते तितकी सुलभ नव्हे. चेंडू आपल्या आवाक्यात आहे असे वाटून फलंदाज पाऊल पुढे टाकतो, तोच तो अलीकडे उतरतो आणि टप्पा घेऊन दूर वळतो. दांडगाईचे येथे काम नाही. प्रहरच्या प्रहर एकाच जागी टप्पा टाकीत राहण्याचा संयम मात्र हवा.

१९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासेस झाला. खेळपट्टी फिरकीस अनुकूल. तमिळनाडूच्या वेंकटराघवन व कुमार ह्या जोडीस ती मानवणारी होती. परंतु शिवलकरांनी १६ धावांत ८ व पुढे १८ धावांत ५ बळी घेऊन यजमानांस ८० आणि ६१ धावांत गुंडाळले. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला, आणि मुंबईचे लागोपाठ पंधरावे अजिंक्यपद सिद्ध झाले!

असा गोलंदाज भारताकडून एकही कसोटी सामना खेळला नाही. कारण त्याच काळी त्याच हाताचे, त्याच विद्येचे बिशनसिंग बेदी संघात होते, आणि बेदींनी ६७ कसोट्यांत २६६ बळी घेतले. बेदींहून शिवलकर सरस, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण एकदाही संधी न मिळावी, हे मनास बोचतेच. प्रथम श्रेणीतील ५८९ बळी ही काय लहान कमाई? हरियाणाच्या राजिंदर गोयल ह्यांचे तर ७५०, आणि त्यांचेही दैव तेच.

शिवलकर रुसून घरी बसले नाहीत. १९८७-८८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते पुन्हा मुंबईकडून उतरले. पुढे शिवाजी पार्क जिमखान्यात प्रशिक्षक होऊन त्यांनी तरुणांस आपली विद्या दिली. गाण्याचाही त्यांना नाद होता. २०१६ सालचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना व गोयल ह्यांना एकदमच मिळाला. ३ मार्च २०२५ रोजी मुंबईस ते निवर्तले.