पाटीवरचा सीझर

युरोपची टूर करून आलेल्या कुणाच्याही मोबाइलमध्ये हा फोटो असतोच. संगमरवराचा अर्धपुतळा, शेजारी हसरे काका, आणि वर खात्रीचं वाक्य : ‘‘हा ज्युलियस सीझर. खाली नावच लिहिलंय की!’’ मग बोट सरकतं आणि दुसरा फोटो येतो. ‘‘हा नीरो. बघ, चेहऱ्यावरच क्रौर्य दिसतंय.’’

पूर्वी मी मान डोलवून मोकळा व्हायचो. आता राहवत नाही.

खाली नाव आहे, मान्य. पण ते कुणी लिहिलं आणि कधी? रोमन लोक नाव कोरत ते बहुधा चौथऱ्यावर. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत चौथरा गेला चुन्याच्या भट्टीत आणि डोकं सापडलं कुणाच्या तरी द्राक्षमळ्यात. (आपल्या नाणेघाटात नेमकं उलटं झालंय. सिमुक, नागनिका या सातवाहन मंडळींची नावं लेण्याच्या भिंतीवर आजही वाचता येतात, मूर्तींची मात्र पावलंच काय ती उरलीत.) रोमन डोक्यांना आज चिकटलेली नावं बऱ्याच वेळा पंधराव्या शतकानंतरच्या संग्राहकांनी, डागडुजी करणाऱ्या शिल्पकारांनी आणि विक्रेत्यांनी दिलेली आहेत. अनोळखी म्हाताऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही, सीझरला मिळतं. त्यात रोमन चरित्रकार सुएटोनियसने बारा सीझरांची चरित्रं लिहून ठेवलेली, त्यामुळे प्रत्येक उमरावाला दिवाणखान्यात बाराचा संच पुरा हवा. मग कुणाला तरी गाल्बा व्हावं लागतं, कुणाला ओथो.

तज्ज्ञांचा खरा आधार म्हणजे नाणी, कारण तिथं चेहरा आणि नाव एकत्र असतं. दुसरा आधार केसांचा. सम्राटाचा एक अधिकृत नमुना तयार व्हायचा, त्याच्या प्रतिकृती साम्राज्यभर जायच्या आणि ठिकठिकाणचे कारागीर त्यावरून पुतळे घडवायचे. नाकडोळ्यांत फरक पडे, पण कपाळावरच्या बटा इमानेइतबारे उतरवल्या जात. ऑगस्टसच्या सर्वांत प्रसिद्ध नमुन्यात कपाळावर एका जागी बटा फाकतात आणि बाजूला चिमट्यासारख्या एकमेकींकडे वळतात. त्याची दोनशेहून अधिक मुखशिल्पं आज ज्ञात आहेत, आणि ती ओळखताना अभ्यासक अक्षरशः बटा मोजतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण ‘चेहऱ्यावर तेज दिसतं’ यापेक्षा हजारपट भरवशाचं.

सीझरच्या बाबतीत हे साधनही तोकडं पडतं. इ.स.पू. ४४च्या सुरुवातीला, खुनाच्या काही आठवडे आधी, त्याचा चेहरा रोमच्या नाण्यांवर आला. जिवंत रोमन माणसाला रोमच्या टांकसाळीत असा मान पहिल्यांदाच मिळत होता. बसलेली गालफडं, लांब मान, तिच्यावर आडव्या वळ्या, ठळक कंठमणी, आणि हे सगळं जेमतेम दोन सेंटिमीटरच्या चांदीच्या चकतीवर. त्याच्या हयातीतलं, नाव कोरलेलं असं एकही मुखशिल्प आपल्यापर्यंत आलेलं नाही. एकही नाही. तुरीनच्या संग्रहालयातलं, रोमजवळच्या टस्कुलमचं डोकं नाण्यांशी सर्वाधिक जुळतं असं मानतात. ते खणून निघालं १८२५मध्ये आणि त्याला सीझर म्हटलं गेलं १९४०मध्ये. मधली शंभराहून अधिक वर्षं तो कुणीतरी म्हातारा होता. २००७मध्ये फ्रान्समध्ये आर्लजवळ रोन नदीच्या तळाशी एक देखणं डोकं सापडलं. पुढच्या वर्षी ‘सीझरचं सर्वांत जुनं शिल्प’ म्हणून जगभर बातम्या झाल्या. केंब्रिजच्या मेरी बिअर्ड यांनी तेव्हाच जाहीर शंका घेतली होती आणि मला ती पटते. आर्लमधल्याच एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचा चेहरा तो का नसावा? पण ‘एक प्रतिष्ठित गृहस्थ सापडले’ ही बातमी छापणार कोण?

आता काकांचं दुसरं वाक्य. ‘चेहऱ्यावरच दिसतंय’ या एका समजुतीने जेवढा घोळ घातलाय तेवढा दलालांनीही घातला नसेल.

सेनेकाचंच घ्या. नीरोचा गुरू, तत्त्वज्ञ. नीरोच्याच हुकमावरून इ.स. ६५मध्ये त्याने आत्महत्या केली. अल्प आहाराने त्याचं शरीर कृश झालं होतं आणि म्हणून रक्त सावकाश वाहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममधले विद्वान फुल्व्हियो ऑर्सिनी यांनी एका खंगलेल्या, सुरकुतलेल्या, विस्कटल्या केसांच्या डोक्याला सेनेकाचं नाव दिलं आणि ते सगळ्यांना पटलं. पटणारच, वर्णन किती जुळतंय! चित्रकार रूबेन्सने सेनेकाच्या मृत्यूचं मोठं चित्र रंगवलं ते हाच चेहरा घेऊन. पुढे हर्क्युलेनियमच्या उत्खननात याच चेहऱ्याचं एक अप्रतिम ब्राँझचं शिल्प निघालं, तेही सेनेकाच ठरलं.

मग १८१३ उजाडलं. रोममध्ये पाठीला पाठ लावलेलं जोडशिल्प सापडलं. एका बाजूला सॉक्रेटिस, दुसऱ्या बाजूला सेनेका, आणि या खेपेला नावं प्राचीन काळीच छातीवर कोरलेली. सेनेका कसा निघाला? गुबगुबीत, टक्कल पडलेला, दुहेरी हनुवटीचा. एखाद्या सुखवस्तू पेढीमालकासारखा. ते शिल्प आता बर्लिनमध्ये आहे. खंगलेल्या म्हाताऱ्याला तेव्हापासून ‘छद्म-सेनेका’ म्हणतात. तो बहुधा एखादा ग्रीक कवी असावा, हेसिअडचं नाव बरेच जण घेतात. दोनशे वर्षं विद्वानांनी ज्या मुखावर तत्त्वज्ञाचं वैराग्य वाचलं, त्या मुखाचा सेनेकाशी संबंधच नव्हता.

व्हेनिसमधला जाड्या ‘व्हिटेलियस’ असाच. व्हिटेलियस खादाड होता, हा चेहरा लठ्ठ, म्हणून तोच. इ.स. ६९मध्ये मेलेल्या सम्राटाचं म्हणून पुजलं गेलेलं हे शिल्प दुसऱ्या शतकातल्या कुणा अनामिकाचं आहे. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातला ब्राँझचा ‘ब्रूटस’ (रोमन प्रजासत्ताकाचा संस्थापक, सीझरचा मारेकरी नव्हे) करारी दिसतो, याखेरीज तो ब्रूटस असल्याचा पुरावा नाही.

बाकीचे गैरसमज पटकन उरकतो. पुतळे पांढरेच असत : नाही, रंगवलेले असत. तुटलेलं नाक म्हणजे शत्रूचं काम : कधी कधी, एरवी डोकं पडलं की आधी नाकच आपटतं. पुतळा म्हणजे त्या काळचा फोटो : ऑगस्टस पंच्याहत्तराव्या वर्षी वारला, पण मूर्तींत शेवटपर्यंत तरुणच राहिला. एक डोकं म्हणजे एक माणूस : नीरोची कितीतरी डोकी तासून नंतरचा सम्राट व्हेस्पेशियन केली गेली. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘सम्राटांचे खरे चेहरे’? २०२०मध्ये एका कलाकाराने अर्धपुतळ्यांच्या सुमारे ८०० छायाचित्रांवरून संगणकाच्या मदतीने ५४ सम्राटांचे चेहरे तयार केले, तेव्हापासून अशा चित्रांचा पूर आलाय. संगमरवर डोळ्यांचा रंग सांगत नाही. तो कुणीतरी ठरवलेला असतो.

राहिला काकांचा क्रूर नीरो. तो फोटो रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातल्या सम्राटांच्या दालनातला. त्या शिल्पात प्राचीन आहे तो चेहऱ्याच्या वरच्या भागाचा एक तुकडा. फुगीर हनुवटी आणि ओठांवरची ती तुच्छता सतराव्या शतकातल्या डागडुजीत आली.