भाड्याच्या घरात पाऊल ठेवण्याआधी मीटर बघा

गेल्या वर्षी शाबानच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घर बदलले. मदनपुऱ्यातली जुनी खोली सोडून कुर्ल्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. घर बघताना आम्ही पाणी किती वाजता येते ते विचारले, मस्जिद किती लांब आहे ते विचारले, मुलांच्या शाळेची बस कुठे थांबते तेही विचारले. विजेबद्दल मात्र एक शब्द काढला नाही. बटण दाबले, दिवा लागला, आमचे समाधान झाले.

रमजानच्या चौथ्या दिवशी दुपारी शाळेतून परतलो तर पंखे बंद. आधी वाटले, सगळ्या इमारतीचीच वीज गेली असेल. पण समोरच्या खालांच्या घरात फ्रिज चालू होता. आमच्या अम्मींना दम्याचा त्रास, त्यांचे वाफेचे यंत्र विजेवर चालते. घाईघाईने आम्ही मदनपुऱ्यात असताना जपून ठेवलेला तक्रारीचा नंबर फिरवला. उत्तर आले, "तो भाग आमच्याकडे येत नाही."

खालांनी त्यांच्या कंपनीचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी रोजा असताना तिथे जाऊन रांगेत उभे राहिलो. खिडकीवरच्या माणसाने मीटर नंबर मागितला. तो आमच्याकडे नव्हता. पुन्हा घरी आलो, फोटो काढला, पुन्हा गेलो. तेव्हा कळले की आमचे मीटर दुसऱ्याच कंपनीचे आहे. एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दोन दारांना दोन वेगळ्या कंपन्या! योग्य ठिकाणी पोहोचलो तेव्हा खरी गोष्ट समजली. आधीच्या भाडेकरूने तीन महिन्यांचे बिल भरले नव्हते. वीज तोडण्याची सूचना त्याच्याच मोबाईलवर गेली होती. घरमालक कुवेतला. त्यांनी भल्या मनाने रात्रीच पैसे पाठवले आणि तिसऱ्या दिवशी दिवे लागले. पण त्या दोन रात्री अम्मींना शेजारी नेऊन वाफ द्यावी लागली. चूक कंपनीची नव्हती. विचारायचे होते ते आम्ही विचारले नव्हते. तेव्हापासून घर बदलणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पुढच्या चार गोष्टी सांगतो.

वीज कोणाची, हे आधी ठरवा

गावाकडून मुंबईत येणाऱ्यांना वाटते की सगळीकडे एकच वीज मंडळ असते. तसे नाही. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज आहे. त्यापुढे बहुतेक उपनगरांत आणि मीरा-भाईंदरमध्ये अदानी आहे. २०१८ पर्यंत हे काम रिलायन्सकडे होते आणि त्याआधी बीएसईएसकडे, म्हणून जुनी माणसे अजून त्याच नावांनी बोलतात. नवा माणूस तिथेच गोंधळतो. उपनगरांत टाटा पॉवरचेही ग्राहक आहेत, त्यामुळे एकाच इमारतीत दोन कंपन्यांची बिले येऊ शकतात. भांडुप-मुलुंडला महावितरण आहे. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-कळवा-शीळ भागात २०२० पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर काम बघते. मालेगावातही २०२० पासून अशीच खासगी कंपनी आहे.

म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर थांबू नका. आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाकडून त्या घराचे ताजे बिल मागा. त्यावर कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि थकबाकी असे सगळे असते. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो. बिल मिळत नसेल तर खाली मीटरच्या खोलीत जा. मीटरवरचा क्रमांक टिपून घ्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा.

आपले मीटर कोणते, हे ओळखा

वीस मीटर एका ओळीत असले की आपले कोणते ते कळत नाही. सोपा उपाय आहे. घरात पंखे-दिवे चालू ठेवा आणि एकाला खाली उभे करा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. वरून घराचा मेन स्विच बंद केला की ज्या मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबेल, ते आपले. त्याचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर आपल्या मीटरवर दुसऱ्या कोणाची तार जोडलेली असू शकते. तेव्हा वायरमनला बोलवा. स्वतः हात लावू नका.

चाळीत कधी कधी मालकाचे एकच मीटर असते आणि प्रत्येक खोलीला सबमीटर. इथे नीट विचारा. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटला कमी, १०१ ते ३०० ला जास्त, त्यापुढे आणखी जास्त. चार कुटुंबांची वीज एकाच मीटरवर मोजली तर वापर वरच्या टप्प्यात जातो, आणि थोडी वीज जाळणाऱ्या घरालाही महाग दर पडतो. मालक युनिटला किती घेणार, हे आधी ठरवून घ्या.

जुनी थकबाकी आणि लिहून ठेवणे

"मागच्याने भरले नाही, त्यात आमचा काय दोष?" असे आम्हीही म्हणालो होतो. पण थकबाकी माणसाबरोबर निघून जात नाही, ती जागेला चिकटून राहू शकते. आधीची थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवी जोडणी न देण्याची अट कंपनी नियमांनुसार घालू शकते, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे.

दुसरी बाजूही माहीत असू द्या. वीज कायदा २००३ प्रमाणे जोडणीसाठी मालकच नव्हे, तर जागेत राहणाराही अर्ज करू शकतो. बिल थकले तर वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालकाने योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडणे चुकीचे आहे.

देणेघेणे लिहून ठेवावे, हे आपण मकतबमध्ये लहानपणीच ऐकलेले असते. घराच्या बाबतीत मात्र विसरतो. चावी घेताना मालकासमोर मीटरच्या रीडिंगचा तारखेसह फोटो काढा. तो आकडा करारनाम्यात लिहा. बिल कोण भरणार आणि त्या दिवसापर्यंतची थकबाकी कोणाची, हेही लिहा. अकरा महिन्यांसाठी बिल स्वतःच्या नावावर करायची गरज नसते, पण मालकाच्या संमतीने मोबाईल नंबर आपला नोंदवा. सूचना त्याच नंबरवर येतात. आणि बिलाचे पैसे मालकाच्या हातात रोख देत असाल, तर दर महिन्याला पावती बघा.

गॅसचेही तसेच

पाइपचा गॅस असेल तर त्याचे मीटर आणि बिल वेगळे असते. मुंबईत तो महानगर गॅसचा. त्याची थकबाकी आणि रीडिंगही त्याच दिवशी तपासा. सिलिंडर असेल तर जुन्या एजन्सीत जाऊन कनेक्शन नव्या पत्त्याच्या एजन्सीकडे बदलून घ्या. पत्त्याच्या पुराव्यासाठी भाड्याचा करारनामा जवळ ठेवा. आधीच्या भाडेकरूने सोडलेली नळी आणि रेग्युलेटर वापरू नका, नवी नळी बसवा.

दोन नंबर दारामागे चिकटवून ठेवा. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ आणि सिलिंडरचा गॅस गळत असेल तर १९०६. गळतीचा वास आला तर कोणतेही बटण दाबू नका, आधी खिडक्या उघडा.

यंदा आमच्या नणंदबाईंनी मुंब्र्याला घर घेतले, भाड्याचेच. सामान टेम्पोतून उतरवण्याआधी त्यांनी आम्हाला बिलाचा आणि मीटरचा फोटो पाठवला. थकबाकी दोन महिन्यांची निघाली. मालकाने ती त्याच संध्याकाळी भरली, आणि मगच त्यांनी चूल मांडली.