एका घडणीच्या होड्या

हळदीकुंकवास दोन गृहिणी एकाच रंगाचें व एकाच कांठाचें लुगडें नेसून आल्या, कीं दोघींच्याहि मुद्रेवर क्षणभर जी छाया पसरते, ती आमच्या वाचकभगिनींच्या परिचयाची आहे. "असें दुसरें बाजारांत नाहीं, बाईसाहेब," असें दुकानदारानें दोघींनाहि सांगितलेलें असतें! परंतु या जगांत असाहि एक वर्ग आहे, कीं आपल्यासारखीच वस्तु दुसऱ्याजवळ दिसली म्हणजे त्यास आनंदाचें भरतें येतें, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ एक सूक्ष्म अस्वस्थताहि येते. शिडाच्या लहान होड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा हा वर्ग. कोळ्याची होडी पोटासाठीं असते. या होड्या सहलीसाठीं व शर्यतीसाठीं असतात, आणि त्यांतील पुष्कळशा मुद्दामच एकमेकींसारख्या केलेल्या असतात. हें सारखेपण कोठून आलें, व त्यापायीं त्यांच्या धन्यांमध्यें कसकसे प्रसंग घडतात, हें पाहणें मनोरंजक आहे. आणि थोडें बोधप्रदहि आहे.

पूर्वीं शर्यतीच्या होड्या ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणें बांधल्या जात. कोणाची लांब, कोणाची रुंद, कोणाचें शीड अवाढव्य. मग गणितानें त्यांचा मेळ घालून अमुक होडीस अमुक मिनिटांची सवलत, असें ठरवीत. ज्याची थैली जड, तो नियमांतील फट शोधून नवी होडी बांधी, आणि शेजाऱ्याची कालपरवांची होडी निकालांत काढी. आयर्लंडांत डब्लिनच्या उपसागराकांठीं राहणाऱ्या कांहीं गृहस्थांस या प्रकाराचा वीट आला. थॉमस मिडल्टन या गृहस्थांच्या कल्पनेवरून १८८७ सालीं त्यांनीं 'वॉटर वॅग' नांवाच्या होड्यांचा संघ काढला. मुख्य अट एकच: सर्वांच्या होड्या एकाच नमुन्याच्या असाव्या, म्हणजे शर्यत पैशाची न होतां कौशल्याची होईल. एका घडणीच्या होड्यांचा जगांतील पहिला ताफा तो हाच, असें मानतात. १९०० सालीं त्यांनीं १४ फूट ३ इंच लांबीचा नवा नमुना स्वीकारला. तो होड्या बांधणाऱ्या डॉइल यांची कन्या मेमी डॉइल हिनें आंखला होता, हें आमच्या वाचकभगिनींनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. सव्वाशें वर्षें लोटलीं, तरी डन लेरीच्या बंदरांत त्याच नमुन्याच्या होड्या आजहि धांवतात. 'वॅग' या शब्दाचा एक अर्थ थट्टेखोर मनुष्य असा आहे. होड्यांचें बारसें करणाऱ्यास पुढील भविष्य दिसलें असावें!

कारण, पुढें ही कल्पना जगभर पसरली. अमेरिकेंत फ्लोरिडांतील क्लार्क मिल्स यांनीं १९४७ सालीं मुलांसाठीं 'ऑप्टिमिस्ट' नांवाची साडेसात फुटांची, चौकोनी नाकाची होडी काढली. इंग्लंडांत १९६३ सालीं 'डेली मिरर' वर्तमानपत्रानें 'मिरर' होडी पुढें आणली. लांकडी तक्त्यांचे तुकडे घरीं आणावे, तांब्याच्या तारेनें शिवावे व सांधे चिकटवून टाकावे, इतकी ती सोपी. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, आणि शिडें तांबडीं. अशा ७०,००० हून अधिक होड्या झाल्या. कॅनडांतील ब्रूस कर्बी यांची १९७० सालची 'लेझर' तर २,००,००० च्याहि पुढें गेली. आपल्या मुंबईच्या बंदरांतहि, १८४६ सालीं स्थापन झालेल्या रॉयल बाँबे यॉट क्लबाच्या आश्रयानें, 'सीबर्ड' नांवाच्या एका घडणीच्या होड्या शर्यती खेळतात, आणि पावसाळ्यांत विसांवा घेतात.

आतां, सर्वांच्या होड्या सारख्या झाल्या म्हणजे हेवादावा संपला, असें एखादा भाबडा वाचक समजेल. मनुष्यस्वभाव इतका सरळ असता, तर सारख्या वांटण्या होऊनहि भाऊबंदकीचे दावे वर्षानुवर्षें चालले नसते!

दोन निरनिराळ्या होड्या पाण्यावर भेटल्या, तर त्यांचे धनी एकमेकांस हात हालवून आपापल्या वाटेनें जातात. दोन सारख्या होड्या भेटल्या, कीं दोघेहि प्रथम दुसरीकडे पाहतात. मग एकजण, कोणास दिसूं नये अशा बेतानें, शिडाचा दोर चार बोटें आंवळतो. दुसऱ्याच्या तें ध्यानांत येतेंच. तो चहाचा पेला खालीं ठेवतो व पत्नीस म्हणतो, "जरा त्या बाजूस सरकून बसतेस का?" वाक्य निरुपद्रवी खरें, परंतु माणसांचें वजन वाऱ्याच्या बाजूस गेलें म्हणजे होडी कमी कलते व तिचा वेग वाढतो, एवढें राजकारण त्यांत भरलेलें असतें. पुढें अर्धा तास कोणी बोलत नाहीं. मागाहून धक्क्यावर गांठ पडली, म्हणजे मागें पडलेला म्हणतो, "आम्ही आपले सहज फिरत होतों." पुढें गेलेला म्हणतो, "आम्हीहि." खोटें दोघेहि बोलतात, आणि तेथूनच स्नेहास आरंभ होतो.

या स्नेहाचा पहिला विधि म्हणजे क्रमांक विचारणें. प्रत्येक होडीच्या शिडावर तिचा क्रमांक मोठ्या अंकांनीं घातलेला असतो. आगगाडींत दोन अपरिचित गृहस्थ भेटले, म्हणजे आडनांव, मूळ गांव व गोत्र यांची विचारपूस होऊन शेवटीं कांहीं नातें निघतेंच; तोच प्रकार येथें. ज्याचा अंक लहान त्याची होडी जुनी. म्हणून मान त्याचा. ज्याचा अंक मोठा त्याची होडी नवी व ताठ. म्हणून शर्यत बहुधा त्याची. एक कुलीन ठरतो, दुसरा कर्तबगार ठरतो, आणि दोघेहि संतुष्ट होतात. यानंतर एकमेकांच्या होडीची तपासणी. "ही कप्पी आपण येथें बसविली आहे वाटतें? छान!" असें पाहुणा तोंडानें म्हणतो, आणि घरीं जातांच आपली कप्पी तेथें हालवितो, किंवा तेथें असेल तर काढून टाकतो.

सारखेपणाचे कांहीं प्रसंग निव्वळ घोटाळ्याचे असतात. किनाऱ्यावर तीस होड्या ओळीनें पालथ्या घातलेल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकाच मापाच्या. देवळाबाहेर वहाणांची जी गत, तीच येथें. एखादे गृहस्थ डोलकाठी उभारून, दोर ओंवून, सुकाणू बसवून घामाघूम होतात, आणि मागून एक सभ्य आवाज येतो, "फार उपकार झाले. आतां आपली होडी तयार करण्यास मी मदत करूं का?" आपल्याकडे पंगतींत तांब्याभांडीं मिसळूं नयेत म्हणून त्यांवर नांवें घालतात; होड्यांवरहि तशींच घालतात. परंतु घाईच्या वेळीं नांव वाचतो कोण?

शर्यतीच्या वेळचा थाट तर निराळाच. ज्या होडीस वारा उजव्या बाजूनें लागतो तिचा मार्गावर हक्क; डाव्या बाजूनें वारा घेणारीनें तिला वाट द्यावी, असा नियम आहे. म्हणून हक्कदार धनी "स्टारबोर्ड!" अशी आरोळी ठोकतो. वळणाच्या खुणेपाशीं आंतल्या बाजूच्या होडीस वळण्यापुरती जागा द्यावी लागते. तिची मागणी करतांना इंग्रज खेळाडूंत "पाणी!" असें ओरडण्याची पद्धत आहे. चहूंकडे अथांग समुद्र, आणि मध्यें एक प्रौढ गृहस्थ कंठशोष करून पाणी मागत आहेत, हें दृश्य आमच्या विनोदी नाटककारांसहि सुचलें नसतें. नियम मोडणाऱ्यास प्रायश्चित्तहि आहे. खुणेच्या तरंगत्या पिंपास होडी शिवली, तर जागच्या जागीं एक प्रदक्षिणा. दुसऱ्याची वाट अडविली, तर दोन प्रदक्षिणा. प्रदक्षिणा न घालणाऱ्याविरुद्ध सायंकाळीं पंचांपुढें फिर्याद होते. त्या वेळीं दिवसा मोठमोठे व्यवसाय चालविणारे गृहस्थ मेजावर बोटाएवढ्या खेळण्यांतल्या होड्या सरकवीत, "मी येथें होतों, हे तेथें होते," असें शपथपूर्वक सांगतात.

नांवाचीहि एक गंमत आहे. लेझर होडीचें पहिलें नांव 'वीकेंडर' असें होतें, आणि पहिल्या नमुन्याच्या शिडावर, शुक्रवार आला म्हणून देवाचे आभार मानणाऱ्या इंग्रजी वाक्याचीं आद्याक्षरें होतीं. पुढें नांवाच्या हक्कावरून तंटा झाला, आणि २०२० च्या सुमारास तिच्या आंतरराष्ट्रीय संघानें तिचें नांव बदलून 'आय. एल. सी. ए.' असें ठेविलें. परंतु सासरचें नांव कांहीं असो, माहेरचीं माणसें मुलीस जुन्याच नांवानें हांक मारतात. तसे जुने धनी तिला अजून लेझरच म्हणतात.

इतका विनोद झाल्यावर मूळ मुद्द्याकडे वळूं. होड्या सारख्या केल्यानें सर्वांत मोठें नुकसान कोणाचें झालें असेल, तर तें सबबींचें. "त्याची होडीच चांगली," हें वाक्य हरलेल्याच्या तोंडून हिरावलें गेलें. मग तो वाऱ्यास दोष देतो, ओहोटीस दोष देतो, होडीच्या तळास लागलेल्या शेवाळास दोष देतो. सांघिक शर्यतींत होड्यांची अदलाबदल करण्याची रीत आहे. अदलाबदल होते, आणि कालचा विजयी वीर कालच्या पराभूताच्या होडींत बसून पुनः पुढें जातो! त्या सायंकाळीं हरलेल्यास जें कळतें तें कडू असतें. परंतु खऱ्या शिक्षणास तेथूनच प्रारंभ होतो. १९९६ पासून ऑलिंपिक सामन्यांत लेझर होडी आहे. तेथेंहि होड्या खेळाडूंनीं आणावयाच्या नसतात, यजमानांकडूनच पुरविल्या जातात. राजा असो कीं रंक, फळी तीच, शीड तेंच.

या समतेचें मोल एका उदाहरणानें पटेल. देवास हें गांव पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीमुळें मराठी वाचकांस ठाऊक आहे. एकाच गांवांत शेजारीं शेजारीं नांदणारीं तीं दोन संस्थानें १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालीं. त्या देवास जिल्ह्यांतून समुद्र शेंकडों मैल दूर. तेथील एका शेतकऱ्याची कन्या नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर होडी हांकावयास शिकली, आणि २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें झालेल्या आशियाई सामन्यांत, वयाच्या सतराव्या वर्षीं, लेझरचेंच अंग व लहान शीड असलेल्या होडींत तिनें रौप्यपदक मिळविलें. त्याच सामन्यांत मोठ्या शिडाच्या प्रकारांत विष्णु सरवणन् यांस कांस्यपदक लाभलें. होड्या जर थैलीच्या मापानें बांधल्या जात्या, तर शेतकऱ्याच्या मुलीचें नांव त्या यादींत कसें आलें असतें?

डब्लिनच्या त्या गृहस्थांनीं मत्सर नाहींसा केला नाहीं. तो कोणास साधणारहि नाहीं. त्यांनीं त्याचें द्रव्याशीं असलेलें नातें तोडलें, आणि उरला तो मत्सर दोर चार बोटें आंवळण्याइतका निरुपद्रवी झाला. घरांतील मुलांस सारख्या पाट्या, सारखीं पुस्तकें व सारखा खाऊ देणाऱ्या आयांस हें तत्त्व फार पूर्वींपासून ठाऊक आहे. भांडणें त्यानें थांबत नाहींत, हेंहि त्यांस ठाऊक आहे; पण तीं भांडणें दिवेलागणीपूर्वीं मिटतात.