वजन कमी करताना आहाराचे काम कोणते, व्यायामाचे कोणते?

‘डॉक्टर, दीड महिना झाला, रोज पहाटे उठून चालते. काटा अर्धा किलोनेही हलला नाही. मग चालून उपयोग काय?’

‘मी दिवसभर शेतात राबतो. मला वेगळा व्यायाम कशाला पाहिजे?’

नायगाव असो, नांदेड असो की लातूर, दवाखान्यात हे दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला प्रश्न विचारणारे बरेच जण पुढच्या महिन्यात चालणे सोडून देतात आणि नुकसान तिथेच होते. आहार आणि व्यायाम या दोघांची कामे वेगळी आहेत. वजन खाली आणण्याचे मोठे काम आहार करतो. उतरलेले वजन पुन्हा चढू न देणे, स्नायू टिकवणे, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे हे काम व्यायामाचे. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात, तर निराशा पदरी पडते.

आधी पाहा, वजन जास्त आहे का?

वजन (किलो) भागिले उंची (मीटर) आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीने भागा. हा झाला तुमचा बीएमआय. समजा उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो आहे, तर बीएमआय साधारण २६.४ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

आपल्यासाठी मर्यादा कमी का? कारण आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या शरीरातही चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही वापरा. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, कपडे बाजूला करून पोटाचा घेर मोजा. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घेर असेल, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

काटा खाली आणतो तो मुख्यतः आहार

हिशोब सोपा आहे. सत्तर किलोचा माणूस पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालला, तर सुमारे २०० कॅलरी खर्च होतात. परत येताना हॉटेलात एक वडापाव खाल्ला, की ३०० च्या आसपास कॅलरी पोटात जातात. खर्चायला पाऊण तास लागला, खायला पाच मिनिटे. शिवाय चालून आल्यावर भूक वाढते आणि ‘आज चाललोय, एक भाकरी जास्त चालेल’ असेही वाटते. काटा न हलण्याचे हे सर्वात नेहमीचे कारण आहे.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी पडल्या, तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरते. पुढे हा वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. चालून रोज ५०० कॅलरी जाळायच्या तर दोन तास हवेत. ताटातून तेवढ्याच कॅलरी कमी करणे बहुतेकांना जास्त जमण्यासारखे आहे.

आपल्या घरात या कॅलरी कुठे आहेत?

*तेल.* चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ४० ग्रॅम तेल पोटात जाते. त्याच्या ३७० कॅलरी होतात. तीन किलोंत महिना भागवला, तर माणशी २५ ग्रॅम होते आणि रोज जवळपास १५० कॅलरी वाचतात. शेंगदाणा, करडई, सोयाबीन यांपैकी कोणतेही तेल घ्या, कॅलरी सारख्याच. फोडणीला डब्यातून थेट तेल ओतू नका, चमच्याने मोजून घाला.

*चहा.* दोन चमचे साखर घातलेल्या दुधाच्या एका कपात ८० ते ९० कॅलरी असतात. घरी दोन, चौकात दोन आणि पाहुण्यांबरोबर एक, असे पाच कप झाले, की चारशेच्या पुढे कॅलरी आणि दहा चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर सहा चमच्यांपर्यंत ठेवायला सांगते. गूळ घातला म्हणून कॅलरी कमी होत नाहीत.

*भाकरी.* ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. तिच्यात तंतू असतात आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते. पण ७० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २४० कॅलरी असतात, म्हणून मोजायला हवी. तीन खात असाल तर दोनवर या, आणि रिकाम्या झालेल्या जागी भाजी, काकडी, मुळा, कांदा, टोमॅटो वाढा.

*वरण आणि उसळ.* लातूरच्या बाजारातली तूरडाळ देशभर जाते, आपल्या वाटीतले वरण मात्र पातळ असते. वजन कमी करताना प्रथिने कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, मटकी-हरभऱ्याची उसळ, पिठले, दही किंवा अंडी यांपैकी काहीतरी हवेच. पिठल्यावर मात्र तेलाचा तवंग नको.

*उपवास.* साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे पापड, शेंगदाण्याचे लाडू असा उपवास केला, तर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त कॅलरी जातात. उपवास करायचाच असेल तर भगर, ताक, फळे बरी. तीही मोजून.

*उरलेले अन्न.* वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातले शेवटचे अन्न घरातली बाई संपवते. हे रोजचे दोन घास वर्षभरात अंगावर दिसतात. एक भाकरी कमी थापा, भात मोजून टाका. सासूबाईंसाठी वेगळे, सुनेसाठी वेगळे असा स्वयंपाक फार दिवस चालत नाही. बदल सगळ्या घरानेच करावा.

मग व्यायाम कशासाठी?

काटा हलला नाही तरी चालण्याचा फायदा होत असतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेला मधुमेह प्रतिबंधाचा भारतीय अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा त्यात समावेश होता. आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणे, एवढे केलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते.

याचे कारण स्नायूंमध्ये आहे. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात आणि नंतरही काही तास इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात. पोटातली, यकृतातली चरबी घटू लागते, रक्तदाब उतरतो, झोप सुधारते. यातले काहीच वजनकाटा दाखवत नाही. पोटाचा घेर आणि साखरेचा रिपोर्ट दाखवतो.

दुसरे काम वजन टिकवण्याचे. अमेरिकेत वजन उतरवून वर्षानुवर्षे टिकवलेल्या लोकांची नोंदवही १९९४ पासून ठेवली जाते. त्यातले बहुसंख्य लोक रोज सरासरी एक तास शारीरिक हालचाल करतात. म्हणजे वजन उतरल्यावर चालणे थांबवायचे नसते. खरी गरज तेव्हाच सुरू होते.

शेतातले काम व्यायामात धरायचे का?

हो, धरायचे. खुरपणी, सोयाबीनची कापणी, पाणी देणे हे कष्टाचेच काम आहे. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, हे काम वर्षभर रोज असते का? पेरणी आणि सुगीच्या मधले आठवडे बरेचदा बसून जातात, नांगरणी ट्रॅक्टर करतो आणि शेतावर जाणे-येणे मोटारसायकलवर होते. जेवण मात्र सुगीतल्याइतकेच राहते. दुसरी, ज्या दिवशी खरेच कष्ट होतात त्या दिवशी भूकही तेवढीच लागते. म्हणून काम नसलेल्या दिवसांत चालणे वाढवा आणि भाकरी कमी करा.

दोन वेळा जेवण आणि ४५ मिनिटे चालणे

आपल्या भागात वजनाचा विषय निघाला, की ‘दीक्षित डाएट’चे नाव येतेच. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत, लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ही पद्धत गावोगाव पोहोचवली. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, हे तिचे सूत्र.

अनेकांना ही पद्धत जमते, कारण कॅलरी मोजाव्या लागत नाहीत. मधला चहा, बिस्किटे, चिवडा, भजी आपोआप बंद होतात. पण वजन उतरते ते एकूण खाणे घटल्यामुळे. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरावीक आठ तासांतच खाणारे आणि कधीही पण तेवढ्याच कॅलरी खाणारे, या दोन गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे दोनदा जेवा किंवा तीनदा, जे वर्षानुवर्षे निभावेल ते निवडा. दोन जेवणांतच तीन जेवणांचे अन्न बसवले, तर उपयोग होणार नाही.

सावधान: गोळी तीच आणि जेवण कमी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या सुरू असतील, तर जेवणाची वेळ चुकवणे धोक्याचे आहे. औषध साखर उतरवत राहते आणि पोटात अन्न नसते. घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. रुग्ण शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या. जेवणाची पद्धत बदलण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस ठरवून घ्या.

गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि अशक्त वृद्ध यांनी स्वतःच्या मनाने जेवण कमी करू नये.

सुरुवात अशी करा

• पहिले दोन आठवडे रोज १५ मिनिटे चाला. मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत ४५ मिनिटांपर्यंत या. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा.

• आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दहा वेळा ढकलणे पुरेसे आहे.

• एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा उजाडता उजाडता किंवा सूर्य मावळल्यावर चाला आणि पाणी पिऊन निघा. नांदेड-देगलूरसारख्या वाहत्या रस्त्याच्या कडेने अंधारात चालू नका. शाळेचे मैदान किंवा शेतरस्ता बरा.

• गुडघे दुखत असतील तर सपाट जमिनीवर थोडे थोडे चाला. एक किलो वजन उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो.

• वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करा. पोटाचा घेर महिन्यातून एकदा मोजा.

चालताना छातीत दुखणे, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, चक्कर येणे असे झाले तर थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. काही न करता वजन उतरत असेल किंवा आहार सांभाळूनही वाढत असेल, तर साखर आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. वय तिशीच्या पुढे असेल, तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब मोफत तपासून मिळतो.

पहिले उद्दिष्ट लहान ठेवा. ७२ किलो वजन असेल, तर सहा महिन्यांत पाच किलो. एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि गुडघे यांत फरक जाणवतो. काटा एखादा महिना अडला तर ताटाकडे पुन्हा बघा, तेल आणि चहा मोजा. चालणे मात्र त्या महिन्यातही चालूच ठेवा.