मशेरी

मशेरी (अन्य नावे: मिश्री, मिसरी) ही तंबाखू भाजून व कुटून केलेली काळी पूड असून ती दात घासण्याच्या निमित्ताने दातांना व हिरड्यांना लावली जाते. धूररहित तंबाखूच्या या प्रकाराचा वापर प्रामुख्याने महाराष्ट्रात आणि काही प्रमाणात गोव्यात आढळतो. वापरणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. हिंदीत 'मिश्री' म्हणजे खडीसाखर. तिच्याशी या पदार्थाचा काही संबंध नाही. छत्तीसगड व ओडिशातील गुडाखू, बिहारमधील गुल आणि गुजरातमधील बजर हे मशेरीच्या जवळचे पदार्थ होत.

तयारी आणि वापर

तंबाखूची पाने तव्यावर किंवा खापरावर काळी पडेपर्यंत भाजतात आणि थंड झाल्यावर त्यांची बारीक पूड करतात. पूर्वी हे काम घरोघरी होत असे व भाजण्याचा उग्र वास शेजारपाजारीही पोहोचत असे. आता तयार पुड्याही मिळतात. चिमूटभर पूड तळहातावर घेऊन ती तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर चोळतात, काही वेळ तोंडात राहू देतात आणि मग चूळ भरतात.

सुरुवात बहुधा सकाळच्या एका वेळेपासून होते. पुढे दुपारी जेवणानंतर आणि रात्री निजण्यापूर्वीही मशेरी लावली जाऊ लागते. दात घासण्याला दिवसातून चार-पाच वेळा लागत नाहीत, हे लावणाऱ्यांनाही ठाऊक असते. तरीही 'व्यसन' हा शब्द तिला सहसा लावला जात नाही. विडी ओढणे किंवा तंबाखू खाणे स्त्रियांना शोभत नाही असे मानणाऱ्या घरांतही मशेरीला आक्षेप नसतो, कारण ती स्वच्छतेच्या नावाखाली वावरते. तिच्या प्रसाराचे खरे मर्म येथे आहे.

सवय कशी जडते

दाढदुखीवर उपाय, गरोदरपणातील मळमळ, सकाळी पोट साफ होणे, शेतात किंवा बांधकामावर काम करताना भूक मारणे, अशी कारणे सामान्यतः सांगितली जातात. आई किंवा सासू लावते म्हणून मुलगी किंवा सून लावू लागते. दुपारी चार जणी एकत्र बसल्या की डबी एकीकडून दुसरीकडे जाते. त्या बसण्यातला विसावा आणि डबीतली तंबाखू मनात एकमेकींशी जोडल्या जातात.

या समजुती अगदी निराधार नाहीत, म्हणूनच त्या टिकून राहतात. तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून थेट रक्तात जाते. मेंदूत पोहोचल्यावर ते डोपामिन या रसायनाचे स्रवणे वाढवते व क्षणभर तरतरी येते. ते आतड्यांच्या हालचालीला चालना देते आणि भूकही दडपते. मात्र रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. रात्रभराच्या झोपेनंतर ते सर्वांत कमी असते. त्यामुळे उठल्याबरोबर डोके जड वाटणे, चिडचिड होणे, कामात लक्ष न लागणे ही लक्षणे दिसतात. मशेरी लावताच ती नाहीशी होतात आणि 'मशेरीने बरे वाटते' हा समज पक्का होतो. वस्तुतः आदल्या दिवशीच्या मशेरीने निर्माण केलेली अस्वस्थता तेवढी शमलेली असते. मनाला मिळणारा हा आराम उसना असून त्याची परतफेड दर काही तासांनी करावी लागते.

आरोग्यावरील परिणाम

मशेरीमुळे दातांवर काळे डाग पडतात, दात झिजतात आणि हिरड्या मागे सरकून दातांची मुळे उघडी पडतात. म्हणजे ज्या दातांसाठी ती लावली जाते, त्यांचेच ती नुकसान करते. तोंडात न निघणारे पांढरे चट्टे उमटू शकतात. त्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. तंबाखूत नायट्रोसामाइन गटातील कर्करोगकारक द्रव्ये असतात आणि भाजण्यामुळे बेंझोपायरीनसारख्या आणखी द्रव्यांची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखूचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गटात केला आहे. तोंड, अन्ननलिका व स्वादुपिंड हे अवयव त्यात विशेष नमूद आहेत. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या पूर्वावस्था यांच्या शोधासाठी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत चिंताजनक परिणाम गर्भावर होतो. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १७.१ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू, बहुतांशी मशेरी, वापरत होत्या. अशा मातांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भारपणाचा काळही सुमारे सहा दिवसांनी घटला. आधीच कमी वजनाची बाळे जन्मणाऱ्या समाजात हा फरक लहान म्हणता येत नाही. मळमळीवर म्हणून गरोदरपणातच मशेरीची सुरुवात होते, ही गोष्ट या संदर्भात विशेष गंभीर ठरते.

कायदा

तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनाच्या उत्पादन-विक्रीवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ मध्ये वैध ठरवली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तींना तंबाखू विकणे गुन्हा ठरवले. परंतु बाजारातून पाने आणून घरच्या तव्यावर भाजणाऱ्यापर्यंत यांतील कोणतीही तरतूद पोहोचत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. तंबाखूविरोधी प्रचारात मात्र दीर्घकाळ सिगारेटचेच चित्र पुढे राहिले. मशेरी लावणारी स्त्री त्यात स्वतःला पाहू शकत नव्हती.

सवय सोडणे

मशेरी सोडल्यावर पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, बेचैनी, झोप न येणे आणि बद्धकोष्ठता ही लक्षणे या काळात तीव्र असतात व साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. बद्धकोष्ठतेमुळे अनेक जणी पुन्हा डबीकडे वळतात. पाणी, पालेभाज्या व चालणे यांनी तो त्रास कमी करता येतो. दात घासण्याची वेळ आणि मशेरी यांची जोड तोडण्यासाठी ब्रश व साधी पेस्ट वापरणे उपयोगी पडते, कारण पूड बोटाने चोळण्याची क्रियाच मशेरीची आठवण जागी करते. घरातील इतर स्त्रिया मशेरी लावत असल्यास एकटीने सोडणे अवघड जाते. सर्वांनी मिळून सोडल्यास ते तुलनेने सोपे होते. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तोंडातील चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी न झाल्यास दंतवैद्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.