दोनशे मीटर खाली सोडलेला गळ

काठी वाकते, पण झटका बसत नाही. सुरमई किंवा टूना लागला की दोरी सुसाट पळते. इथे मात्र पाण्याने भरलेली गोण दोरीला अडकावी तसं नुसतं ओझं जाणवतं. मग ते ओझं जोरात खाली ओढ घेतं, क्षणभर थांबतं, पुन्हा ओढ घेतं. माकूल अंगात पाणी भरून घेतं आणि डोक्याखालच्या नळीतून ते जोरात बाहेर फेकतं. प्रत्येक फेकीची एक ओढ. मधल्या थांब्यात दोरी सैल पडू दिली की संपलं. या गळाला काटे असतात, पण काट्यांना अडकवून धरणारी उलटी नांगी नसते. दोरी ताणलेली आहे तोवरच माकूल आपलं.

जानेवारी २०१० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या बोटींवर हौशी गळवाल्यांची झुंबड उडाली, ती अशा माकुलांसाठी. हे हम्बोल्ट माकूल, शास्त्रीय नाव डोसिडिकस गिगास. आपल्याकडे ससून डॉकवर किंवा मालवणच्या बाजारात टोपलीत मिळणारं हातभर माकूल डोळ्यांपुढे आणू नका. त्या महिन्यात वर आलेल्यांपैकी काहींचं वजन सत्तावीस किलोच्या घरात होतं, आणि ही जात पन्नास किलोपर्यंत वाढू शकते. न्यूपोर्टजवळ किनाऱ्यालगतच समुद्रतळात खोल दरी आहे. त्यामुळे संध्याकाळी निघालेली बोट थोड्या वेळात शेकडो मीटर खोल पाण्यावर पोहोचते आणि मध्यरात्रीपर्यंत धक्क्याला परतते. माणशी तिकीट काढायचं, काठी नसेल तर बोटीवरच भाड्याने घ्यायची. खोल समुद्रातली शिकार नोकरदार माणसाच्या एका संध्याकाळीत बसते, ती या भूगोलामुळे.

गळही पाहण्यासारखा. वीतभर लांबीची, अंधारात हिरवट चमकणारी प्लॅस्टिकची नळी, आणि तिच्या खालच्या टोकाला वर वळलेल्या सुयांची दोन-तीन वर्तुळं. पाण्यात सोडण्यापूर्वी तिच्यावर विजेरीचा झोत धरायचा, म्हणजे ती बराच वेळ चमकत राहते. आमिष लावायची गरज नसते. वजनाच्या जोरावर ती शे-दोनशे मीटर खाली जाते, मग काठी संथपणे वरखाली करत राहायचं. पहिलं माकूल वर येऊ लागलं की त्याच्या मागे टोळीच येते. अडकलेल्या माकुलावर बाकीची तुटून पडतात, त्यामुळे वर आलेल्या धडाचे लचके गेलेले असणं नवलाचं नाही. बोटीच्या दिव्यांचा उजेड जिथे संपतो त्या कडेला ती घुटमळतात, उजेडात झेप घेतात आणि पुन्हा अंधारात जातात. आकडा मारून डेकवर घेताच पाण्याचा आणि शाईचा फवारा उडतो. जवळ उभ्या असलेल्याचे कपडे त्यातून वाचत नाहीत.

या घाईत बघायचं राहून जातं ते त्याचं अंग. तांबडा आणि पांढरा रंग सेकंदाला दोन-चार वेळा आलटूनपालटून अंगभर झळकतो. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, तेव्हा खोल अंधारात या रंगखुणा सोबत्यांना दिसाव्यात कशा? बेंजामिन बरफर्ड आणि ब्रूस रॉबिसन या संशोधकांनी मध्य कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरातल्या पाणबुड्या यंत्रांची चित्रणं तपासून २०२० मध्ये त्याचं एक उत्तर मांडलं. या माकुलाच्या स्नायूंत छोटे प्रकाश-अवयव विखुरलेले असतात. ते आतून उजळले की त्या उजेडावर कातडीवरच्या खुणा उठून दिसतात. टोळीने शिकार करताना ती एकमेकांना धडकत नाहीत, यामागे अशाच खुणा असाव्यात असा त्यांचा कयास आहे. मेक्सिकोचे मच्छीमार या प्राण्याला ‘लाल सैतान’ म्हणतात आणि वाहिन्यांनी त्या नावाचं भरपूर भांडवल केलं. मला वाटतं, त्या भयकथांपेक्षा हा उजेड कितीतरी अधिक थरारक आहे.

आता मूळ प्रश्न. ही माकुलं मुळात पूर्व पॅसिफिकच्या उष्ण पट्ट्यातली. कॅलिफोर्नियात ती १९३०च्या दशकात मोठ्या संख्येने दिसली होती, पुढे बराच काळ क्वचितच. १९९७-९८च्या एल निनोबरोबर ती माँटेरेपर्यंत आली आणि २००२ नंतर तिथे जणू मुक्कामालाच राहिली. २००४ मध्ये ती थेट अलास्कापर्यंत पोहोचली. का आली?

उत्तराचा मोठा भाग गळाच्या दोरीइतक्याच खोलीवर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हॉपकिन्स सागरी केंद्रातले विल्यम गिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात माकुलांना नोंदयंत्रं बसवली. दिवसा अडीचशे मीटरच्या खाली आणि रात्री पृष्ठभागाजवळ, असा त्यांचा रोजचा प्रवास त्यातून दिसला. दिवसाचा मुक्काम प्राणवायू अगदी कमी असलेल्या थरात. बहुतेक मोठे मासे तिथे तग धरत नाहीत, हे माकूल मात्र शरीराचा व्यवहार सुमारे ऐंशी टक्क्यांनी मंदावून तिथे राहू शकतं. कंदीलमाशांसारखं त्याचं भक्ष्यही दिवसा त्याच थराच्या कडेला असतं. म्हणजे ज्या थरात इतरांचा जीव गुदमरतो, तिथे याला अन्नही मिळतं आणि आसराही.

आणि हा थर वर सरकत होता. सार्डिन मासे नाहीसे झाल्यावर कारणं शोधण्यासाठी १९४९ पासून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात ठरलेल्या जागांवर पाणी तपासलं जातं. स्टीव्हन बोग्राड आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या १९८४ ते २००६ या काळातल्या नोंदी पाहिल्या. कमी प्राणवायूच्या थराची वरची सीमा काही ठिकाणी नव्वद मीटरपर्यंत वर आली होती. टूनासारख्या शिकारी माशांची संख्या मासेमारीमुळे घटली, म्हणून माकुलांना मोकळं रान मिळालं, असंही एक मत आहे. ते सोडून देण्यासारखं नाही. पण पाण्यातल्या बदलाशिवाय एवढ्या मोठ्या प्रवासाचा मेळ लागत नाही असं मला वाटतं.

पाणी बदललं म्हणून आलेली माकुलं तशीच निघूनही जाऊ शकतात, म्हणूनच या शिकारीचा एक नियम मला खटकतो. कॅलिफोर्नियात हम्बोल्ट माकुलाची मर्यादा आहे माणशी दिवसाला ३५. एक माकूल दहा किलोचं धरलं तरी साडेतीनशे किलो होतात. कोणतं घर एवढं खाणार? शिवाय याच्या मांसात अमोनियम क्लोराइड असतं, त्याची आंबट-कडवट चव काढायला मेहनत लागते. दोन्ही बाजूंचे पापुद्रे सोलायचे, जाड वड्या कापून ठेचायच्या, मग कुठे ते तव्यावर जातं. पकडलेला मासा वाया घालवू नये असा तिथे कायदा आहे, पण ३५ची मुभा त्या कायद्यालाच सुरुंग लावते. एक-दीड वर्षाचं आयुष्य, मादीच्या एकेका अंडीपुंजात लाखो अंडी, मग हरकत काय, असं सांगितलं जातं. ‘हे बाहेरून आलेलं आहे, आपले हेक मासे खातं’ हेही ऐकू येतं. परंतु एवढ्या वेगाने वाढणारा प्राणी तेवढ्याच वेगाने नाहीसाही होतो.

सांता रोसालिया या मेक्सिकोच्या गावाने ते अनुभवलं आहे. तिथे छोट्या होड्यांतून रात्री हातदोरीने हीच माकुलं पकडली जात. नव्वदीच्या मध्यावर कॅलिफोर्नियाच्या आखातातलं उत्पादन वर्षाला लाख टनांपलीकडे गेलं होतं. २००९-१०च्या एल निनोनंतर मोठी माकुलं तिथून गेली. जी उरली ती सहा महिन्यांतच, वीतभर आकाराची असताना प्रजननक्षम होऊ लागली. जात टिकली, गावाचा धंदा मात्र बसला. कॅलिफोर्नियातही २०१२-१३च्या हिवाळ्यात ती पुन्हा मोठ्या संख्येने आली, माँटेरे उपसागराच्या किनाऱ्यावर ढिगांनी मरूनही पडली. पुढच्या वर्षांत तिथल्या गळवाल्यांना ती दुर्मीळच झाली.

हौशी बोटींच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. कॅलिफोर्नियात तिकीट घेऊन माणसं नेणाऱ्या बोटींना १९३६ पासून प्रत्येक फेरीची नोंद सरकारला द्यावी लागते: कुठे गेलो, किती माणसं होती, काय आणि किती मिळालं. मौजेसाठी निघालेल्या लोकांच्या या वह्या आज समुद्राचा इतिहास झाल्या आहेत. संशोधन-जहाज ठरल्या वेळी ठरल्या जागी जातं. हौशी बोट माकूल जिथे असेल तिथे, जवळपास रोज रात्री.

आपल्यासाठी यात थेट मुद्दा आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत जगातला एक अतिशय जाड कमी-प्राणवायूचा थर आहे. त्यात दिवस काढून रात्री वर येणारं माकूलही आहे, जांभळ्या पाठीचं स्थेनोट्युथिस. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. आपल्या बाजारात येणारं माकूल मुख्यतः उथळ पट्ट्यातलं. हे त्याच्या पलीकडचं. न्यूपोर्टसारखी दरी आपल्या दारात नाही. मुंबईपुढे उथळ तळच दोनशे किलोमीटरहून अधिक पसरलेला आहे, तेव्हा संध्याकाळी जाऊन रात्री परतण्याची हौस इथे जमणार नाही. पण टूनासाठी खोल पाण्यात रात्री काढणाऱ्या बोटींच्या दिव्याखाली ही माकुलं येतात. तारीख, जागा, गळाची खोली, धडाची लांबी, नर की मादी, एवढ्या पाच नोंदींचा तक्ता प्रत्येक बोटीवर ठेवणं अवघड नाही. तांडेलांना त्या नोंदीचे पैसे द्यावेत, आणि हे काम अरबी समुद्रातला थर वर येण्याआधी सुरू करावं.