एप्रिलची शाळा, ऑगस्टचा पाहुणा

मार्च सरता सरता जपानमधल्या सरकारी शाळांत एक समारंभ होतो. त्याला रिनिनशिकी म्हणतात. कुठे तो वर्ष संपतं त्याच दिवशी उरकतात, कुठे सुटी लागल्यावर मुलांना एका सकाळपुरतं परत बोलावतात. व्यायामशाळेच्या गार लाकडी जमिनीवर मुलं ओळीनं बसतात आणि बदली झालेले शिक्षक मंचावर उभे असतात. एकेक जण पुढे येऊन दोन शब्द बोलतो, मुलं फुलं देतात, मग दोन रांगा होतात आणि जाणारे त्यांच्या मधून टाळ्यांच्या गजरात बाहेर पडतात. शिस्तीसाठी नावाजलेल्या या देशात त्या सकाळी रडारड भरपूर होते.

बदली ही काय चीज असते, हे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सांगायला नको. जपानमध्ये तिची दोरी प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे असते. काही वर्षं झाली की शिक्षक हलतोच. यादी मार्चमध्ये जाहीर होते, स्थानिक वर्तमानपत्रं ती छापतात, आणि १ एप्रिलला माणूस नव्या शाळेत नव्या टेबलाशी हजर असतो.

टाळ्या वाजवणाऱ्यांत एक परदेशी माणूसही असतो, गेल्या ऑगस्टमध्ये इंग्रजी शिकवायला आलेला. मंचावरची भाषणं त्याला अर्धीमुर्धी कळतात. पहिल्या दिवशी ज्या बाईंनी त्याला झेरॉक्स मशीन कसं चालवायचं ते चित्र काढून दाखवलं होतं, त्याच चालल्या आहेत, हेही त्याला याच आठवड्यात कळलेलं असतं. तो स्वतः कुठेच चाललेला नाही. शाळेचं वर्ष संपलं, त्याच्या वर्षाचे चार महिने अजून बाकी आहेत.

जपानच्या शाळेत परदेशी शिक्षक म्हणून काढलेल्या वर्षाची सगळी गंमत आणि सगळी गोची या न जुळणाऱ्या दोन कॅलेंडरांत आहे. शाळा एप्रिल ते मार्च चालते. सरकारच्या 'जेट' योजनेतून येणारे बहुतेक शिक्षक जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये उतरतात, म्हणजे उन्हाळी सुटीच्या ऐन मध्यावर. वर्ग रिकामे असतात. मैदानावर बेसबॉलचा सराव चालतो आणि वर सिकाडा किड्यांची किरकिर. नव्या माणसाला शिक्षण मंडळाच्या कार्यालयात एक टेबल देतात. तिथे तो आपली ओळख करून देणारी चित्रं बनवत बसतो. ही ओळख पुढे त्याला इतक्या वर्गांत करून द्यायची असते, की आपल्याला खरोखर बहीण आहे की नाही याबद्दल त्याची त्यालाच शंका यावी.

सहा महिने जेमतेम होतात तोवर, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, त्याला कागदावर लिहून द्यावं लागतं: पुढचं वर्ष राहणार की जाणार? करार एकेका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षं वाढतो. या वेळी बाहेर बर्फ असतं, घरात रॉकेलचा हीटर असतो, मुलांची नावं आत्ता कुठे ओठांवर यायला लागलेली असतात. शाळेचा सगळ्यात जिव्हाळ्याचा महिना, मार्च, त्यानं अजून पाहिलेलाही नसतो. तिसरीच्या मुलांचा पदवीदान समारंभ (ही तिसरी माध्यमिक शाळेची, म्हणजे पंधरा वर्षांची मुलं), त्यांच्या प्रवेशपरीक्षा, तो रिनिनशिकी, हे सारं निर्णय देऊन झाल्यावर येतं. तेव्हा 'राहायला हवं होतं' असं अनेकांना वाटतं. कागद गेलेला असतो.

हे असं का, त्याचं उत्तर योजनेच्या नावातच आहे. जेट म्हणजे 'जपान एक्स्चेंज अँड टीचिंग'. एक्स्चेंज आधी, टीचिंग नंतर. ऐंशीच्या दशकात जपानच्या गाड्या आणि टीव्ही अमेरिकेच्या डोळ्यांत खुपत होते आणि 'तुम्ही विकता सगळीकडे, पण घरात कुणाला घेत नाही' हा ठपका टोकियोला पुसायचा होता. 'कोकुसाइका', म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण, हा त्या काळचा परवलीचा शब्द. १९८७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आले. २००२ मध्ये एका वर्षात हा आकडा ६,२७३ वर गेला. आजवर सत्तर हजारांहून जास्त लोक येऊन गेले आहेत आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक शाळांत 'असिस्टंट लँग्वेज टीचर' होते. पदवी हवी, पण शिक्षकाचा परवाना नको आणि जपानीही यायलाच हवी असं नाही. माणूस यावा, रमावा आणि परत जाऊन चार लोकांत जपानबद्दल बरं बोलावं, हा हिशेब आहे. थोडक्यात, तो परत जातो म्हणून योजना फसत नाही. तो परत जावा म्हणूनच ती आखलेली आहे.

'असिस्टंट' हा शब्दही नीट वाचायला हवा. वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाची असते आणि परदेशी शिक्षक त्याच्या जोडीनं उभा राहतो. जोडी जमली तर तास नाटकासारखा रंगतो. नाही जमली तर पाहुणा कोपऱ्यात उभा राहून सांगितलेली वाक्यं मोठ्यानं वाचतो. या कामाला 'बोलता टेपरेकॉर्डर' म्हणण्याची चेष्टा फार जुनी आहे. एक बारीकशी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. जपानी शिक्षकाला मुलं आडनावानं हाक मारतात, तानाका-सेन्से, यामामोतो-सेन्से. परदेश्याला बहुतेक ठिकाणी पहिल्या नावानं, मायकेल-सेन्से. त्यात प्रेम असतंच, पण तो त्या यादीतला नाही हेही त्यात असतं.

शिकवून काय होतं? गणित करून पाहा. २०२० पासून तिसरी-चौथीच्या मुलांना वर्षाला ३५ तास इंग्रजीची ओळख असते, आणि पाचवी-सहावीत तो ७० तासांचा रीतसर विषय झाला आहे. माध्यमिक शाळेत १४० तास असतात. प्राथमिक शाळेतला तास ४५ मिनिटांचा. परदेशी शिक्षक एका वर्गाला आठवड्यातून एकदा भेटला, तर वर्षभरात होतात सव्वीस तास. अनेकांकडे चार-पाच शाळा असतात, मग तेवढेही होत नाहीत. आणि एका वर्गात तीस-पस्तीस मुलं.

त्या सव्वीस तासांपुढे जी अडचण उभी असते ती मराठी माणसाला चटकन कळेल. जपानीतही क्रियापद शेवटी येतं: वाताशि वा रिंगो ओ ताबेमासु, 'मी सफरचंद खातो'. शब्द बदलले, क्रम तोच. इंग्रजीत 'खातो' मध्येच घुसतं, तिथे आपली पोरं जशी अडखळतात तशीच त्यांचीही अडखळतात. त्यांची जास्तीची पंचाईत उच्चारांची. जपानीत 'न्' सोडला तर व्यंजनाला स्वराचा टेकू लागतोच, म्हणून मॅकडोनाल्डचं 'माकुदोनारुदो' होतं. 'ल' आणि 'र' यांत त्यांची भाषा फरकच करत नाही. जपानी लिपीत लिहिलेला इंग्रजी शब्द मुलाला येत असतो, वापरतही असतो, फक्त तो इंग्रजाला ओळखू येत नाही.

'ल'चं हे रडगाणं इंग्रजी मातृभाषा असलेल्या जपानमधल्या पहिल्या इंग्रजी शिक्षकाइतकंच जुनं आहे. रॅनल्ड मॅकडोनाल्ड हा स्कॉटिश बाप आणि चिनूक आदिवासी आई यांचा मुलगा. जपान परक्यांना बंद असताना, १८४८ मध्ये, तो व्हेलच्या शिकारी जहाजावरून मुद्दाम एका होडीत उतरला आणि जहाज फुटल्याचं सोंग करत उत्तरेच्या रिशिरी बेटावर पोहोचला. त्याला पकडून नागासाकीला नेलं आणि कैदेत ठेवलं. तिथे १४ सरकारी दुभाषे त्याच्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागले. काही महिन्यांनी, १८४९ च्या वसंतात, अमेरिकी युद्धनौका त्याला घेऊन गेली. पुढे अमेरिकी कमोडोर पेरीच्या आरमाराशी बोलणी करताना जपानच्या बाजूनं जो मोरियामा एइनोसुके दुभाषा म्हणून बसला, तो याच कैद्याचा विद्यार्थी. वर्षही पुरं न भरलेल्या नोकरीचा एवढा मोठा परतावा पुढे कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

त्यानंतरचा मोठा माणूस लाफ्कादिओ हर्न. ३० ऑगस्ट १८९० ला तो मात्सुए या गावात शाळामास्तर म्हणून आला. ऑगस्टच! सव्वा वर्ष तिथे राहिला, एका सामुराई घराण्यातल्या कोइझुमी सेत्सुशी संसार मांडला, हिवाळ्यानं पार गारठला, आणि नोव्हेंबर १८९१ मध्ये उबदार हवा आणि दुप्पट पगारासाठी कुमामोतोला गेला. विद्यार्थ्यांनी त्याला निरोपादाखल जुनी तलवार दिली. त्याच्या 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलियर जपान' या १८९४ च्या पुस्तकात इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीचं एक प्रकरण आहे, आणि पुस्तकाचा शेवट 'सायोनारा' नावाच्या प्रकरणानं होतो. पुढे तो जपानचा नागरिक झाला, त्यानं कुमामोतोत आणि टोकियोच्या विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं. पण आजही त्याचं नाव मात्सुएशीच जोडलेलं आहे. तिथे त्याचं घर जपून ठेवलंय, त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. बाकीच्या वर्षांवर ते सव्वा वर्ष भारी पडलं.

हर्नला गावातल्या मानकऱ्यांइतका पगार होता. आजच्या सगळ्याच परदेशी शिक्षकांचं तसं नाही. जेटवाल्यांचं बरं चालतं. वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजार येन होता, अलीकडे तो वाढवला. पण नगरपालिकांनी पैसे वाचवायला खासगी कंपन्यांकडून माणसं घ्यायला सुरुवात केली आणि तिथे चित्र निराळं झालं. पगार कमी, काही ठिकाणी उन्हाळ्यात कापलेला. यांचं वर्ष मात्र मार्चमध्येच संपतं, शाळेबरोबर, आणि एप्रिलमध्ये कुठली शाळा मिळेल ते कंपनी ऐनवेळी सांगते. काही करारांत तर अशी मेख असते की माणूस कंपनीचा, म्हणून वर्गातल्या जपानी शिक्षकानं त्याला थेट सूचना देणंच बेकायदेशीर ठरतं. दोघांनी एका फळ्यापुढे उभं राहून एकत्र शिकवायचं, पण 'हे वाक्य पुन्हा म्हण' असं सांगायचं नाही. कायदा आणि फळा यांची अशी गाठ सरकारी कारभारातच पडू शकते.

भारतातूनही या नोकरीवर लोक जातात, पण थोडे. एक अट आपल्याला खास बोचते: व्हिसाच्या नियमानुसार इंग्रजी शिकवणाऱ्याचं निदान बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं असावं लागतं. मराठी शाळेतून शिकून पुढे इंग्रजीत एम. ए. केलेला माणूस दारातच अडतो.

मार्चची आणखी एक आठवण या मंडळींत कायम राहिली आहे. ११ मार्च २०११ ला, वर्ष संपायला दोन आठवडे असताना, त्सुनामीत जेटचे दोन तरुण शिक्षक गेले: इशिनोमाकीतली टेलर अँडरसन आणि रिकुझेनताकातातला माँटी डिक्सन. टेलर त्याच उन्हाळ्यात घरी परतणार होती. तिच्या आईवडिलांनी इशिनोमाकीच्या शाळांमध्ये तिच्या नावानं इंग्रजी पुस्तकांची कपाटं दिली. ती कपाटं घडवणाऱ्या सुताराची स्वतःची मुलंही त्या लाटेत गेली होती.

वाचला, टिकला आणि 'जाणार' असं लिहून दिलेला शिक्षक जुलैपर्यंत पोहोचतो. पहिल्या सत्राच्या शेवटच्या दिवशी तीच व्यायामशाळा आता भट्टीसारखी तापलेली असते. त्याचं निरोपाचं भाषण दोन मिनिटांचं, जपानीत, पाठ केलेलं. मुलं एक जाड चौकोनी पुठ्ठा देतात, शिकिशी. मधोमध त्याचं नाव आणि भोवती किरणांसारखे सगळ्यांचे निरोप. कुणी इंग्रजीत लिहितं, 'यू आर काइंड', 'सी यू अगेन'. स्पेलिंग बरोबर असतात. सव्वीस तासांचा हिशेब कुणी या पुठ्ठ्यावर करायला बसत नाही.

नंतरचा आठवडा कामाचा. मोठा कचरा टाकायला चिठ्ठ्या विकत घ्यायच्या, भाड्याच्या घराची पाहणी करून द्यायची, पिवळ्या पाटीची छोटी गाडी पुढच्या माणसाच्या गळ्यात घालायची. निवृत्तिवेतनात भरलेले पैसे देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत मागता येतात, त्यातून २०.४२ टक्के कर कापून घेतात आणि तोही परत मागायची सोय आहे. भारतीयानं इथे जरा थांबावं. २०१६ पासून दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, आणि एकरकमी पैसे उचलले की जपानमधला तो काळ पुढे भारतातल्या सेवेत धरला जात नाही.

विमानतळावरचा अधिकारी निवासाच्या कार्डाला भोक पाडतो आणि ते परत हातात देतो. त्याच सुमारास नवा माणूस शिक्षण मंडळाच्या कार्यालयात येऊन बसलेला असतो. शाळेला सुटी आहे. खणात आधीच्यानं ठेवलेली चिठ्ठी आहे: जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, पाचवी 'ब' दंगेखोर पण गोड, उपमुख्याध्यापकांना रोज सकाळी आधी नमस्कार, आणि खाली झेरॉक्स मशीनचं चित्र, बाण काढून.